सहा नंबरचा सिलेंडर

"चाचा, चारशे घोड्यांची ताकद निघेल का यातून?"

दस्तगीर मिस्त्रींनी रॉकेलच्या थाळीत बुडवलेला बोल्ट वर काढला, फडक्याने पुसला, उजेडाकडे धरून बघितला आणि पुन्हा थाळीत टाकला.

"मी विचारलं, चारशे..."

"ऐकलं पोरी. आधी ब्लॉक धुऊन घे."

गेल्या अकरा वर्षांत मृणाल इंगवलेला कुणी काही धुवायला सांगितलं नव्हतं. पुण्यात इंजिनांच्या चाचणी विभागात ती मोठ्या हुद्द्यावर होती. तिची सही झाल्याशिवाय एकही इंजिन पुढे जात नसे. आणि इथे कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, पासष्टीचा एक माणूस तिच्या हातात तारेचा ब्रश देत होता.

तिने ब्रश घेतला. घ्यावाच लागला.

गाडी तिच्या वडिलांची होती. डॉक्टर आनंदराव इंगवले बहात्तर साली अमेरिकेतून परतले, तेव्हा त्यांनी बोटीतून एक निळी मस्टँग आणली होती. आठ सिलेंडरची, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली. दवाखान्यासमोर ती उभी राहिली की रस्त्यातली माणसं सायकली थांबवून बघत.

पण मृणालच्या आठवणीतली गाडी निराळी होती. तिला कळायला लागल्यापासून बाबांनी ती कधी चाळीसच्या वर नेलीच नाही. मागून येणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवत पुढे जायची. एकदा रंकाळ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरनेही त्यांना मागे टाकलं होतं आणि मागच्या सीटवर बसलेल्या तिच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या होत्या.

ती तेव्हा सोळा वर्षांची होती. सगळ्यांदेखत म्हणाली होती, "बाबा, तुम्ही भित्रे आहात."

बाबांनी गिअर बदलला होता, एवढंच.

पुढे ती शिकायला पुण्याला निघाली, त्या सकाळी बाबांनी गाडी धुऊन पुसून दारात उभी केली होती. ती रिक्षाने स्टँडवर गेली आणि एसटीत बसली.

गेल्या वर्षी बाबा गेले. जाताना आईला एवढंच सांगून गेले, की गाडीला दस्तगीरशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा नाही. म्हणून मृणाल तीन आठवड्यांची रजा टाकून इथे आली होती. मनात मात्र तिचा बेत पक्का होता. इंजिन मोकळं करायचं, सिलेंडर आतून कातून मोठे करायचे, नवे पिस्टन, नवा कॅम, मोठा कार्ब्युरेटर. बाबांनी जे जनावर जन्मभर दावणीला बांधून ठेवलं, ते तिला एकदा मोकळं सोडायचं होतं. पिस्टनची पेटी तिने अमेरिकेहून आधीच मागवली होती.

पाच दिवस तिने ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा लोखंडी सांगाडा, धुतला. हाताची सालं निघाली. पाचव्या दिवशी जुन्या काळ्या थराखालून मूळचं ओतीव लोखंड वर आलं, तेव्हा मिस्त्रींनी पहिल्यांदा त्यावर हात फिरवला.

"साठ थाऊचा बोअर मारायचा," मृणाल म्हणाली. "म्हणजे आतून दीड मिलिमीटर कातायचं. पिस्टन त्याच मापाचे आहेत."

"नको."

"का?"

"सात सिलेंडरना मार. सहा नंबरला नको."

"आठ सिलेंडरच्या इंजिनात सात एका मापाचे आणि एक दुसऱ्या मापाचा? चाचा, असं चालत नाही. कारण काय?"

मिस्त्री थाळीतले बोल्ट ढवळत राहिले...

मृणालने वाद घातला नाही. पुण्याहून तिने भिंतीची जाडी मोजायचं यंत्र आणलं होतं. एकेका सिलेंडरच्या भिंतीला ती वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी ते लावत गेली आणि आकडे खडूने ब्लॉकवर लिहीत गेली. पाच सिलेंडर झाले. भिंती जाड, मजबूत.

सहाव्याशी ती थांबली. पुन्हा मोजलं. यंत्र पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

वरच्या अंगाला भिंत ठीक होती. खाली मात्र एका बाजूला ती अंड्याच्या कवचासारखी पातळ झाली होती. पलीकडे इंजिन गार ठेवणारं पाणी खेळायची जागा. हा सिलेंडर पूर्वी कधीतरी कातलेला होता आणि कातताना हत्यार तिरकं गेलं होतं.

"हे बघा!" तिचा आवाज चढला. "सेंटर न बघता कातलंय. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा असं करणार नाही. कुठल्या गाढवानं मारलाय हा बोअर?"

शेजारच्या शेडमधलं लेथ चालू होतं, ते नेमकं तेव्हाच बंद पडलं.

मिस्त्रींनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. तो पुन्हा न लावताच म्हणाले,

"ह्या."

"म्हणजे?"

"ह्या गाढवानं. अठ्ठ्याऐंशी साली."

मृणालच्या हातातला खडू तसाच राहिला.

मिस्त्री स्टुलावर बसले आणि थांबत थांबत सांगू लागले. तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. लोहार वस्तादांच्या हाताखाली नऊ वर्षं काढून झाली होती आणि आता आपल्याला सगळं येतं असं वाटू लागलं होतं. डॉक्टरांचं इंजिन कातायचं काम त्यांच्यावर सोपवून वस्ताद चार दिवस गावाला गेले आणि जाताना बजावून गेले, की दर सिलेंडरला मशीन नव्याने बसवायचं, सेंटर दोनदा बघायचं. पाच सिलेंडर त्यांनी तसे केले.

"सहाव्याला कंटाळा आला. म्हटलं, आता नजर बसलीय की आपली..."

"मग?"

"मग काय. हत्यार खाली उतरलं तसा आवाज बदलला. कळलं मला. पण तोवर गेलं होतं."

"बाबांना सांगितलंत?"

"त्याच दिवशी. दवाखान्यात जाऊन. डॉक्टरांनी आधी मला पाणी दिलं. मग विचारलं, फुटेल का रे? म्हटलं, जोरात पळवली, तापली, तर फुटेल. म्हणाले, आणि हळू चालवली तर? म्हटलं, तर जन्मभर चालेल."

मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर लावला.

"मग म्हणाले, वस्तादांना ठाऊक आहे का? म्हटलं, न्हाई. कळलं तर हाकलून देतील. डॉक्टर म्हणाले, मग मलाही ठाऊक नाही. वस्ताद यायच्या आत इंजिन जुळवून टाक आणि गाडी कितीनं चालवायची तेवढं सांग."

"आणि तुम्ही सांगितलंत..."

"चाळीस."

मृणाल ब्लॉकपासून दोन पावलं मागे सरकली.

"त्याआधी कसे चालवायचे बाबा?"

मिस्त्रींचा चेहरा एकदम उजळला. "वाऱ्यासारखे! सत्त्याऐंशीच्या दिवाळीत मला शेजारी बसवून पुण्याच्या रस्त्यानं नेलं होतं. खंबाटकीच्या चढावर गाडी अशी उचलली, की माझी टोपी गेली उडून. डॉक्टर हसत होते. शिट्टी वाजवत होते, पोरी, शिट्टी!"

बाबा शिट्टी वाजवत असत हे मृणालला आज कळत होतं.

"लायनर बसवता आला असता," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "सिलेंडरमध्ये नवी नळी ठोकून बसवायची. एका आठवड्याचं काम. चौतीस वर्षं तुम्ही..."

"दर वर्षी म्हणायचो. डॉक्टर म्हणायचे, इंजिन उघडलं की वस्ताद बघणार. तुझं नाव आत्ता कुठं व्हायला लागलंय."

"आणि वस्ताद गेल्यावर?"

"तेव्हाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, राहू दे आता, सवय झाली. हळू चालवली की रस्त्यातली माणसं ओळख देतात."

"सगळं गाव हसलं त्यांना!" मृणाल ओरडली. "मी हसले. मी त्यांना काय म्हणाले, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे."

"बाबांनी सांगितलं?"

मिस्त्रींनी मान डोलावली आणि खाली घातली.

ती शेडमधून बाहेर पडली. दोन दिवस तिकडे फिरकली नाही. घराच्या अंगणात इंजिन काढलेली मस्टँग उभी होती. तिच्यात बाबांच्या सीटवर ती दुपारभर बसून राहिली. स्टिअरिंगवर डाव्या बाजूला, जिथे बाबांचा हात असायचा, तिथलं काळं आवरण झिजून गुळगुळीत झालं होतं. आई बाहेर येऊन तिला बघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये आली. मिस्त्री ब्लॉकशेजारीच बसले होते. खडूचे आकडे तसेच होते.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली.

"येऊ दे."

"अजून गेलेला नाही."

"घाई न्हाई." त्यांनी फळीवरून कागदात गुंडाळलेली नळी काढली. "लायनर आणून ठेवलाय."

"नळीसाठीचा बोअर तुम्ही मारा."

"न्हाई. तू."

"मी मशीनवर कधी हात चालवलेला नाही, चाचा. माझ्याकडे इंजिनं तयार होऊन येतात."

मिस्त्रींनी स्टूल उचललं, दारापाशी नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बसले.

मृणालने ब्लॉक मशीनला बांधला. हत्यार सहाव्यावर आणलं. सेंटर बघितलं. पुन्हा बघितलं.

"चाचा, एकदा बघून घ्या ना."

पाठ हलली नाही.

"चुकलं तर ब्लॉक जाईल! असा दुसरा मिळायचा नाही!"

"त्या दिवसानंतर डॉक्टरांनी माझं काम एकदाही तपासलं न्हाई," मिस्त्री रस्त्याकडे बघत म्हणाले. "एकदाही..."

तिने सगळं सोडवून पहिल्यापासून बांधलं. सेंटर तिसऱ्यांदा बघितलं, चौथ्यांदा बघितलं आणि मशीन सुरू केलं. लोखंडाचा बारीक भुगा पडू लागला. शेवटपर्यंत आवाज बदलला नाही.

लायनर बसला. आठही सिलेंडर साठ थाऊला कातून झाले. अमेरिकेचे पिस्टन बसले, कॅम बसला, कार्ब्युरेटर बसला. तिने रजा आणखी दोन आठवड्यांनी वाढवून घेतली.

एका रविवारी सकाळी मस्टँग घरून ओढून शेडमध्ये आणली, दोघांनी तिच्यात इंजिन चढवलं आणि मृणालने किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी नुसती खाकरली. दुसऱ्यांदा पत्र्याचं छत थरथरलं. गल्लीतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

पहिले काही दिवस तिने गाडी सबुरीने चालवली, नवे पिस्टन रुळू दिले. मग एके दिवशी मिस्त्रींना शेजारी घेतलं आणि पन्हाळ्याचा रस्ता धरला. केर्ली गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला.

"सोडू?"

मिस्त्रींनी टोपी काढून मांडीखाली दाबली.

तिने पाय दाबला. गाडी अशी झेपावली की दोघंही सीटमध्ये रुतली. काटा चाळीस ओलांडून कधी गेला ते कळलंही नाही. शेतं, विजेचे खांब, दूधवाल्यांच्या मोटारसायकली सगळं मागे पळू लागलं. मृणाल मोठ्याने हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

वाघबिळाच्या फाट्याशी तिने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं नाही. आठही सिलेंडर एका सुरात बोलत होते.

बराच वेळ दोघं ऐकत बसली.

"चाचा..."

"हं."

"वस्तादांना शेवटपर्यंत कळलं नाही?"

मिस्त्रींनी मांडीखालची टोपी काढून डोक्यावर ठेवली.

"डॉक्टर दर शनिवारी गाडी घेऊन यायचे. वस्ताद बॉनेट उघडायचे, कान देऊन उभे राहायचे. सहा नंबरपाशी लई वेळ उभे राहायचे. मग बॉनेट लावायचे आणि म्हणायचे, दस्तगीर, डॉक्टरांना चहा सांग."