पेवाचं झाकण आणि दोन व्याही

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी कधीची ते विचारू नका. मी गोष्ट सांगतोय, पंचांग वाचत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. देवळाकडे तोंड करून उभं राहिलं की एक आळी उजव्या हाताला यायची, दुसरी डाव्या. उजव्या आळीचं म्हणणं असं, की वाडवडिलांनी घालून दिलेलं मोडू नये, ज्यानं घाम गाळला त्यानं आधी खावं आणि उद्याची तजवीज आजच करावी. डाव्या आळीचं म्हणणं असं, की गावात एक जरी उपाशी असेल तर दुसऱ्यांच्या घशाखाली घास उतरू नये, आणि जी रीत माणसाच्या आड येते ती मोडून टाकावी. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, म्हणूनच भांडण कधी मिटत नव्हतं.

उजव्या आळीचा म्होरक्या येसाजी, डाव्या आळीचा म्हादबा. आणि गंमत बघा, हे दोघे एकमेकांचे व्याही! म्हादबाची लेक साळू येसाजीच्या घरात दिलेली. सणावाराला दोघे एका पंगतीला बसायचे आणि वरण वाढून होईपर्यंत त्यांची जुंपलेली असायची.

दोन आळ्यांच्या मधोमध पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं, वर दगडी झाकण. त्यात सगळ्या गावाचं बियाणं असायचं. उघडायची रीत ठरलेली होती. झाकण सरकवायचं, आत कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग पेटता दिवा आत सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणूस उतरायचा. उतरणारा डाव्या आळीचा, वर दोर धरणारा उजव्या आळीचा. दोर येसाजीच्या घरी असायचा, दिवा म्हादबाच्या. म्हणजे एकट्यादुकट्याला पेवात हात घालताच येऊ नये. वाडवडील काही खुळे नव्हते.

एका साली पावसानं दडी मारली. घराघरांतल्या कणग्या रिकाम्या झाल्या, रानातले कंद संपले. साळूच्या मांडीवर तान्हं मूल होतं आणि तिच्या अंगावरचं दूध आटलं. आधी ते मूल सारखं रडायचं. मग रडायचंही थांबलं, तेव्हा मात्र गाव हबकलं.

म्हादबा भर दुपारी पेवापाशी आला, पाठोपाठ सगळी डावी आळी.

"व्याही, दोर आणा. आज पेव उघडायचं."

येसाजी झाकणावर ठाण मांडून बसला होता. "बी खायचं? अहो, बी खाल्लं की गाव खाल्लं! पुढच्या साली काय पेराल, दगड?"

"आणि पेरायला माणसं कुठनं आणाल? ती ठेवलीत का पेवात?"

"नातू माझाही आहे, व्याही."

"मग उठा की!"

येसाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो उठला नाही. तुम्ही म्हणाल, काय दगडाच्या काळजाचा माणूस! मी नाही म्हणणार. लहानपणी त्यानं बी खाल्लेलं शेजारचं गाव पाहिलं होतं. तिथं आता नुसत्या बाभळी माजल्या होत्या.

शेवटी डाव्या आळीच्या पोरांनी त्याला उचलून बाजूला बसवलं आणि पहारी घालून झाकण सरकवलं.

"रीत मोडणाऱ्याला माझा दोर मिळायचा नाही!" येसाजी ओरडला.

"नको जा तुमचा दोर!" म्हादबानं सगळ्यांना फेटे सोडायला लावले आणि एकाला एक गाठी मारल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हादबा, आधी दिवा सोडायचा ना?" त्यावर तो उसळला. "कसला दिवा घेऊन बसलाय! ही थेरं ह्यांच्यापाशीच राहू दे. तिकडं पोर मरतंय!"

तेवढ्यात साळूच पुढे आली. उपासानं तिची काडी झाली होती. अरुंद तोंडातून तीच सहज जाणार होती. तिनं मूल येसाजीच्या मांडीवर ठेवलं.

"मामंजी, याला धरा. तुमचं दोघांचं चालू द्या. माझ्याच्यानं आता थांबवत नाही."

ती उतरली. फेट्यांचा दोर तोकडा पडला, तशी तिनं हात सोडले. धान्यावर पाय पडल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

"साळू!" म्हादबानं हाक मारली. "साळू, ओ दे गं!"

ओ आली नाही. म्हादबा आत उडी घ्यायला धावला. येसाजीनं मूल शेजारणीच्या हाती दिलं आणि व्याह्याच्या कमरेला मिठी घातली.

"अहो, दोन मुडदे पडतील! घोंगड्या आणा, वारा घाला! आणि माझा दोर... पळा रे, माझ्या घरातला दोर आणा!"

दोन्ही आळ्या धावल्या. फेट्यांच्या दोराला घोंगडी बांधून पेवात वर-खाली करू लागल्या. म्हादबानं घरचा दिवा मागवून आत सोडला. विझला. पुन्हा वारा, पुन्हा दिवा, पुन्हा विझला. बाया रडत रडत वारा घालत होत्या. मग एकदा ज्योत बारीक झाली, फडफडली आणि टिकली.

येसाजीनं दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

"उतरायचं काम आमच्या आळीचं," म्हादबा म्हणाला.

"आणि दोर धरायचं आमच्या. मी कुठं धरला? आता तुम्ही धरा." दोराचं टोक देताना येसाजीचा हात क्षणभर अडला. "सोडू नका, व्याही."

"माझी लेक आत आहे. आणि आता तुम्हीही."

येसाजीनं साळूला बांधून आधी वर धाडलं. दोर परत खाली गेला तेव्हा त्या हवेनं गुंगी येऊन त्याला गाठही मारता येईना; शेवटी त्यानं दोर काखेखालून कसाबसा गुंडाळला. म्हादबा वरून ओरडून ओरडून त्याला जागं ठेवत होता, आणि तळहात सोलवटले तरी त्यानं येसाजी वर येईपर्यंत ओढणं थांबवलं नाही.

साळू निळी पडली होती. दोघे व्याही तिच्या दोन बाजूंना बसले. दोघे तिचे तळहात चोळत राहिले. कितीतरी वेळानं तिनं श्वास ओढला, डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "संपलं का तुमचं?"

त्या दिवशी पेवातून थोडं धान्य काढलं. लेकुरवाळ्यांना आणि म्हाताऱ्यांना आधी पेज मिळाली. उरलेल्या बियाण्यावर झाकण घातलं आणि पहाऱ्याला बसला कोण? म्हादबा! मूल वाचलं. पुढच्या साली बी कमी पडलं आणि बरीच शेतं पडीक राहिली, तेही सगळ्यांनी मिळून सोसलं.

आणि भांडण? छे हो, ते कसलं थांबतंय! व्याहीच ते. पण साळूचा आवाज त्या दिवसापासून कायमचा बसला. ती बोलायला लागली की दोघांनाही गप्प बसावं लागे, नाहीतर तिचं ऐकूच येत नसे.

तात्पर्य : उद्याची चिंता करणाऱ्यानं आणि आजची भूक जाणणाऱ्यानं खुशाल भांडावं, पण भांडताना एकमेकांचा दोर सोडू नये.