पस्तावा नावाचं झुडूप

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता. सिंहासनावर हात ठेवून तो जे बोले ते खरं होई. बोललेला शब्द मागे घ्यायची तिथे चालच नव्हती, आणि चुकल्यावर मनाला जे होतं त्याला त्यांच्या भाषेत नावही नव्हतं.

एके दिवशी राजकन्या चंपावंतीने राजाच्या शिकारी ससाण्याची दोरी कापून त्याला मोकळं सोडलं. झालं, राजाचं डोकं फिरलं. सिंहासनावर हात आपटून तो म्हणाला, "दगड हो." पोर उभ्या उभ्या दगड झाली. अरे बाबांनो, ससाणे काय पन्नास मिळतात, पण रागाला डोळे असतात थोडेच? राग ओसरला तसा राजा दगड झालेल्या लेकीपाशी जाऊन बसला. घास उतरेना, डोळ्याला डोळा लागेना.

तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राजा, सात डोंगरांपल्याड एक झुडूप आहे. ते चाख. त्याचं नाव शिकून घे. मग ते नाव प्रजेदेखत बोल. लेक उठेल."

राजा एकटाच निघाला. सातव्या डोंगराखाली एक म्हातारी चेटकीण आपल्या बागेला पाणी घालत होती. तिने बारीक पानांची एक डहाळी पुढे केली. राजाने ती चावली मात्र, कडूजहर रसाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आजी, काय म्हणतात याला?"

"पस्तावा. एका बाईने लेकाला घराबाहेर काढलं, मग उंबऱ्यावर बसून रडली. तिथे हे उगवलं. मागाहून ताप देतो तो पस्तावा. आधी तिच्या दुःखाचं नाव, मग झुडपाचं."

"लेक परत आला?"

"तिने हाकच मारली नाही. लोक काय म्हणतील, म्हणून."

राजा घरी परतला. पण राजाने चौकात स्वतः तोंड उघडायचं नाही, त्याचं बोलणं दवंडीवाल्याने बोलायचं, ही तिथली रीत. दगडाची राजकन्या चौकात आणली. दवंडीवाल्याने डफ वाजवून सांगितलं, "ऐका हो ऐका, महाराजांना पस्तावा झाला आहे." लोक एकमेकांची तोंडं बघत राहिले. दगड दगडच राहिला.

राजाला त्या उंबऱ्यावरची बाई आठवली. त्याने मुकुट काढून प्रधानाच्या हाती दिला आणि सगळ्यांदेखत तो लेकीच्या पायांशी बसला. "पोरी, माझं चुकलं. मला पस्तावा झाला गं," म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडू लागला. कुणी हसलं नाही. कित्येकांना तर आपल्याला इतकी वर्षं काय होत होतं ते तेव्हाच उमगलं.

दगडाला ऊब आली. चंपावंतीने डोळे उघडले.

"आबा, पाय फार दुखतात," ती म्हणाली.

राजा तिचे पाय चेपत बसला. जशी त्याची लेक बोलती झाली, तशी तुमची आमची अबोला धरलेली माणसं बोलती होवोत.