भागा आयेचा नीरो

आमच्या पणज्यांनीही जी आपल्या आज्यांकडूनच ऐकली, इतकी जुनी ही गोष्ट. तेव्हा मोरसड्याच्या कातळपठारावर काजूची बोंडं पायांनी तुडवत, आणि तुडवणाऱ्यांत पहिलं नाव भागा आयेचं. खडकात कोरलेल्या कुंडीत ती पाय धुऊन उतरायची. वहाणा घालून त्या कुंडीत जायचं नाही, हा नेम. तिचा पाय लागला की बोंडं आपणहून रस सोडायची, असं म्हणतात.

तो रस भट्टीवर जाई, त्याची दारू होई. पण तुडवलेल्या चोथ्याचा ढीग वेलींनी बांधून वर धोंडा ठेवला, की त्यातून एक नितळ, गोड रस ठिबकतो. तो नीरो. नीरो विकायचा नसतो. चैत्राच्या उन्हात सड्यावरून जाणाऱ्या कुणालाही, नावगाव न विचारता, करवंटीभर द्यायचा.

मग भट्टीचा मक्ता एका माणसाला मिळाला. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण ते घेऊन मी तोंड विटाळणार नाही. त्यानं शहरात साहेबांच्या पोर्ट वाइनची पिंपं पाहिली होती. ती वाइन जिथून येते तिथंही द्राक्षं पायांनीच तुडवतात आणि गोड रसात कडक दारू ओततात, हे कळल्यावर त्याच्या डोक्यात वारं शिरलं. आपणही नीरोत दारू ओतायची, पिंपं भरायची, बोटीवर चढवायची! त्यासाठी त्याला सगळा नीरो हवा होता. त्यानं कुंडीपाशी रखवालदार बसवला.

एका दुपारी एक पोटुशी बाई मोळी घेऊन आली. भागा आयेनं तिला करवंटी भरून दिली. रखवालदारानं ती लाथेनं उडवली. अरे, तहानलेल्या बाईच्या हातातली करवंटी! आजही सांगताना माझ्या अंगाची लाही होते.

भागा आये कुंडीतून बाहेर आली.

"पोटुशी बाय ती! लाज नाय वाटत तुका?"

"मालकांचो हुकूम आसा, आये."

"मगे मालकाकच सांग तुडवूक."

मक्तेदार धावत आला. "म्हातारे, बोंडं माझी, कुंडी माझी, नीरोसुद्धा माझा!"

"पाय तरी माजे आसत मा?" एवढं बोलून ती खडकावर जाऊन बसली.

त्यानं दुसरी माणसं आणली. ती दिवसभर तुडवत राहिली, पण थेंब निघाला नाही, असं म्हणतात. बोंडं उन्हात सडायला लागली. तेव्हा मक्तेदार चवताळून स्वतःच कुंडीत उतरला, तोही बुटांसकट. पहिला पाय आपटला आणि खडक उभा चिरला. भेगेतून नीरो उसळला तो सड्यावरून थेट वाटेपर्यंत गेला आणि सात दिवस वाहत राहिला. आधी ती मोळीवाली बाई प्यायली, मग गुराखी, मासेवाल्या, बैरागी, सगळे ओंजळीनं प्यायले. पिंपं कोरडीच राहिली. मक्तेदाराचे बूट कुंडीत असे चिकटले की ते तिथंच सोडून त्याला अनवाणी सडा उतरावा लागला, असं म्हणतात. बरं झालं!

भागा आये पुढे किती जगली, कुणी सांगत नाही. पण मोरसड्यावरची ती भेग कुणी बुजवत नाही. हंगामाची पहिली बोंडं भट्टीसाठी तुडवत नाहीत. त्यांचा नीरो भागा आयेच्या नावानं वाटेवर सोडतात, आणि भट्टीवाला, कितीही मोठा असो, स्वतः अनवाणी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात करवंटी देतो. मागे एकानं आपल्या जागी नोकर उभा केला होता. तुडवणाऱ्या बायकांनी कुंडीतून पाय काढले आणि मालक येईपर्यंत खडकावर बसून राहिल्या.