धर्मीची टेकडी

जेट्टीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला ती पांढुरकी टेकडी दिसते ना, तिला टेकडी म्हणायचं म्हणजे जरा जास्तच झालं, पुरुषभर उंचसुद्धा नाही. पण जवळ जाऊन बघा, ती मातीची नाही. कोळंबीची सालं आणि डोकी आहेत ती, पिढ्यान्‌पिढ्या टाकलेली. खालची मातीला मिळाली, वरची अजून तळपायाला टोचतात. शेजारी निळा फलक लावलाय, ‘नाखव्याची टेकडी’. वाचलात? आता विसरा. तो फलक लिहिणाऱ्यानं जन्मात एक कोळंबी सोलली नसणार. हिचं नाव धर्मीची टेकडी. माझ्या आजेसासूनं मला तेच सांगितलं, आणि मी डोळे मिटेपर्यंत तेच सांगणार.

मघाशी तुम्ही मला विचारलंत, “मथुराबाय, पाहुण्यांनीच कोळंबी सोलायची, ही कुठली रीत?” राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही लांबून आलेली माणसं, तुम्हाला कोण सांगणार. बसा त्या ओट्यावर. टोपली मध्ये घ्या आणि हात चालू द्या. डोकं मोडायचं, पाय काढायचे, साल उतरवायचं, पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढून टाकायचा. डोक्यावरच्या काट्याला जपा, बोटात गेला तर दोन दिवस ठणकेल.

फार जुनी गोष्ट. असं सांगतात, की तेव्हा या वाडीत जानू नावाचा नाखवा होता. नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि याच्या तर तीन होड्या, म्हणून गावकीत शब्द त्याचाच. धर्मीकडे यातलं काहीच नव्हतं. नवरा समुद्रात बुडालेला, घरात एक आंधळी सासू. ओहोटीला खाडीत उतरायची, मिळेल ते टोपलीत घालून आणायची, दोघी त्यावर जगायच्या. पण हाताला चव अशी होती, की कुणाकडे चार माणसं जेवायची झाली की हाक धर्मीला.

जानूच्या लेकीचा साखरपुडा ठरला. पलीकडच्या बंदरातली बडी माणसं सोयरी होणार होती. जानूनं मोठ्या तोंडानं सांगून ठेवलं, की माझ्या दारात कोळंबी कमी पडणार नाही. शिगोशीग भरलेल्या दोन टोपल्या त्यानं धर्मीच्या पुढ्यात टाकल्या आणि आपण पाहुण्यांत जाऊन बसला. धर्मी उजाडल्यापासून सोलत बसली. बोटांची सालं निघाली, मिठाच्या पाण्यानं हात पेटले. सालं आणि डोकी तिनं नेहमीसारखी काठावर ओतली, दुपारची भरती आली आणि घेऊन गेली. मग हळद, मीठ, कोकमाचं आगळ लावून तिनं कालवण चुलीवर चढवलं.

आता तुम्हीच सांगा, सोललेली कोळंबी किती उरते? तुमच्या हातातली बघा. निम्मी सालातच जाते. आणि आच लागली की ती अंग चोरते, आकसून बोटाच्या पेरावर येते. कोकणातल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा, ती सांगेल. पण जानूनं जन्मभर कोळंबी पाहिली ती जाळ्यात नाहीतर ताटात. मधलं काही त्याला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरज कधी वाटली नव्हती.

दोन टोपल्यांचा एक टोप झाला, तोही गळ्यापर्यंतच. पाहुण्यांच्या वाट्याला चार चार नग आले. सोयऱ्यांतला एक जण हसला, म्हणे. तेवढं पुरलं. जानू उठला आणि भरल्या मांडवात धर्मीला पुढं बोलावून म्हणाला, “दोन टोपल्या दिल्या होत्या. बाकीची कुठं गेली?”

तिनं सांगितलं, सालात गेली, आचेवर गेली. सालं दाखव म्हणाला. सालं तर भरतीनं नेलेली. मग चोर ठरली. मला अजून संताप येतो तो याच गोष्टीचा. मांडवात गावातले सगळे पुरुष होते. रोज दोन वेळा बायकोच्या हातची कोळंबी खाणारे. एकालाही वाटलं नाही, की घरी जाऊन चुलीपाशी विचारावं. उलट गावकी बसली आणि ठरलं, की धर्मीनं खाडीत पाय ठेवायचा नाही. म्हणजे काय, कळलं का? तिनं आणि त्या आंधळ्या म्हातारीनं उपाशी मरायचं, एवढंच.

धर्मी रडली नाही, पाया पडली नाही. खाडीच्या काठावर, आता टेकडी आहे तिथं, जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, “ज्यानं मला चोर म्हटलं, तो स्वतःच्या हातानं सोलीपर्यंत या गावात कोळंबी शिजायची नाही.”

आणि शिजली नाही, असं सांगतात. कुणाच्याही घरी टोप चढवावा, लाकडं जळून राख व्हावी, पण कोळंबी आपली करडीच्या करडी. ना लाल होई, ना वळे. सात दिवस हेच. खाडीचा कौल होता, म्हणतात. मला विचाराल तर माझं मत वेगळं आहे. मला वाटतं, गावातल्या बायकांनी टोपाखाली जाळच नीट लावला नसेल. नवऱ्यांपैकी चुलीत वाकून बघणारं होतं कोण? धर्मीच्या सासूला मात्र त्या सात दिवसांत रोज कुणी ना कुणी परसदारानं भात देऊन जात होतं, हे आजेसासू शपथेवर सांगायची.

लग्न तोंडावर आलं. सोयऱ्यांनी निरोप धाडला, की या खेपेला पान रिकामं दिसलं तर वऱ्हाड परत फिरेल. जानूच्या बायकोनं, नाखविणीनं, दोन टोपल्या आणून नवऱ्यापुढं ठेवल्या आणि ती सरळ माजघरात निघून गेली. करतो काय? बसला सोलायला. सकाळची दुपार झाली. काटे गेले, बोटं सुजली, कंबर मोडली. सालांचा ढीग गुडघ्याएवढा झाला आणि परातीत पडलेली कोळंबी बघून त्याचा चेहरा उतरला. या वेळी चुलीवर कोळंबी लाल झाली, वळली, पण टोप भरला तो गळ्यापर्यंतच.

त्या संध्याकाळी तो मागच्या वाटेनं, कुणी बघत नाहीसं पाहून, धर्मीकडे गेला. चुकलं म्हणाला. खाडी तुला मोकळी केली म्हणाला. धर्मीनं त्याला दारात उभं केलं. म्हणाली, “चोर म्हणालास तेव्हा मांडव भरला होता, नाखवा. चुकलं म्हणायला परसदार कशाला?”

दुसऱ्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड बसलं. भरल्या मांडवात तोच टोप आणून ठेवला. धर्मी आली, कुणी बोलावलं नव्हतं तरी आली. तिनं झाकण काढलं, आत बघितलं आणि विचारलं, “दोन टोपल्या होत्या ना? बाकीची कुठं गेली?”

जानू उठून उभा राहिला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्यानं आपली सुजलेली बोटं वर केली, मग काठावर, भरतीचं पाणी पोचत नाही तिथं, त्यानंच नेऊन टाकलेल्या ढिगाकडे हात केला आणि सांगितलं, की सालं तिथं आहेत, उरलेली आचेनं नेली, आणि धर्मीनं त्या दिवशी काहीही घेतलं नव्हतं. चोर म्हटलं ते माझं पाप. मग सोयरे जेवले. चार चार नगच आले वाट्याला, पण कुणी हसलं नाही. धर्मी मात्र त्या घरी जेवली नाही. टोपली उचलली आणि ओहोटी लागली होती, खाडीत उतरली.

तेव्हापासून या गावात सालं भरतीला देत नाहीत, टेकडीवर टाकतात, उद्या कुणा बाईकडे पुरावा मागितला तर असावा म्हणून. आजही लग्नात टोप उतरला की वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई मांडवात उभी राहून यजमानाला विचारते, बाकीची कुठं गेली, आणि त्यानं स्वतः सोलून सुजलेली बोटं दाखवून उत्तर दिल्याशिवाय वाढप सुरू होत नाही. गेली नऊ वर्षं ते विचारण्याचा मान माझा आहे. आमदाराच्या भाच्यालाही मी सोडलं नाही. आणि एरवीही इथं जो जेवणार त्यानं आधी सोलायची, मग तो पाहुणा का असेना.

झाली का सोलून? दाखवा परात. एवढीच? टोपली तर तुडुंब भरलेली होती, मी स्वतः भरून दिली होती. सांगा बघू आता, बाकीची कुठं गेली?