हैबतीची चाल

निंबारगडाच्या दरवाजात आलात की पाय जरा जपून टाकायचा. उंबऱ्याच्या रुंद शिळेवर बुद्धिबळाचा पट कोरलेला आहे, अर्धा दरवाजाच्या आत, अर्धा बाहेर. त्यावर काळ्या आणि तांबड्या दगडाची मोहरी उभी आहेत. ती इतकी झिजली आहेत की घोडा कोणता नि उंट कोणता हे सांगावे लागते. पायथ्याचे म्हातारे सखोबा गुरव पाहुण्यांना हाताला धरून पलीकडे नेतात. त्यांत बुद्धिबळ येणारा कोणी असला की तो वाकून बघतो आणि म्हणतो, "अहो, तांबड्याच्या एका चालीत मात आहे!"

"आहे की," सखोबा म्हणतात. "पर हात नका लावू. बसा, सांगतो."

फार मागे गडावरची शिबंदी मोहिमेवर गेली, तेव्हा हैबती नावाच्या शिपायाला राखणीला मागे ठेवले, असे सांगतात. बदली येईपर्यंत दरवाजा ओलांडायचा नाही, आणि गडावर एकच माणूस उरला आहे हे फुटू नये म्हणून परक्याशी अवाक्षर बोलायचे नाही, अशी आण त्याने देवीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून घेतली. बदली काही आली नाही. कोठारात नाचणी होती, टाक्यात पाणी होते, नव्हते ते माणूस. मग त्याने शिळेवर पट कोरला, मोहरी घडवली आणि दोन्हीकडून आपणच खेळू लागला. पण स्वतःशी खेळण्यात गंमत ती कसली? रचलेला डाव समोरच्याला आधीच ठाऊक. हैबतीला ते एकटेपण खायला उठे.

एके दिवशी खालच्या धनगरवाड्यातली एक बाई म्हशींमागे चढत दरवाजापर्यंत आली. दुधाची चरवी उंबऱ्यावर ठेवून म्हणाली, "एवढ्या गडावर येकलंच व्हय? त्वांड हाय का न्हाई तुमास्नी?" हैबतीने बोटाने पट दाखवला. ती बाहेरच्या अंगाला बसली, तो आतल्या.

खेळ त्याने तिला मुक्यानेच शिकवला. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरे. प्यादे एकेक घर पुढे, मारायचे ते तिरके, आणि मागे कधीच नाही. राजाला शह बसला आणि सुटायला घर उरले नाही की मात. बाई बोलभांड होती. "ह्यो घोडा माज्या दिरावानी वाकडाच चालतो," म्हणायची आणि आपणच हसायची. हैबतीचे ओठ मिटलेले, पण डोळे हसत. ती रोज येऊ लागली. पहिलाच डाव कितीतरी दिवस चालला, आणि हैबती तो मुद्दाम रेंगाळत ठेवी, म्हणे. मात समोर दिसली तरी भलतीकडेच चाल करी. डाव संपला आणि ही यायची थांबली तर?

पण खेळणाऱ्याचा हात तो! एका सकाळी त्याला प्यादेमात दिसली. जुन्या खेळाडूंत राजाला साध्या प्याद्याने मारणे ही सगळ्यांत मानाची मात. हैबतीला राहवले नाही. त्याने तांबडे प्यादे एक घर सरकवले आणि लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत बसला.

बाईने पट नीट पाहिला. "मंग झाला म्हनायचा डाव," ती हळू म्हणाली आणि बसून राहिली. तोही बसून राहिला. शिबंदीतली रीत अशी की हरणाऱ्याने नवा डाव मांडायचा, म्हणून तो वाट बघत होता ती तिने मोहरी मांडण्याची. ती रीत बिचारीला कुठून ठाऊक? मोहरी त्याची, उंबरा त्याचा, मांडली तर तो मांडील. तो हलेना, तेव्हा तिला वाटले, याला आता आपली गरज सरली. रिकामी चरवी उचलून ती चालू लागली.

हैबतीच्या ते ध्यानात आले तेव्हा ती पहिले वळण उतरत होती. तो उंबऱ्यापर्यंत धावला. आण पायाला बांधलेली, तोंडाला बांधलेली. शेवटी तोंडाची आण त्याने मोडली. पण हाक काय मारणार? त्याने तिचे नाव कधी विचारलेच नव्हते. "अगं ए," एवढेच ओरडला तो, आणि वाऱ्याने ते मागे गडावरच फेकले.

पुढच्याच दिवशी पाण्यासाठी धनगरवाडा उठून दुसरीकडे गेला. वर्ष उलटून तो परत आला, तेव्हा बाई चरवी घेऊन वर चढली. हैबती पटाशी भिंतीला टेकून बसलेला होता. प्राण केव्हाच गेला होता. जुना डाव मोडला नव्हता, नवा मांडलाही नव्हता. फक्त ते तांबडे प्यादे, जे कधी मागे जात नाही, ते एक घर मागे घेतलेले होते.

बाई बाहेरच्या अंगाला बसली. आपण काहीतरी चालावे असे तिला फार वाटले, पण पट पाहिला तर पाळी तिची नव्हती. ती संध्याकाळपर्यंत तशीच बसली होती, असे सांगतात.

आजही पायथ्याच्या गावात बुद्धिबळात जिंकणारा उठण्याआधी आपले शेवटचे मोहरे एक घर मागे घेतो. प्यादे असले तरी घेतो, आणि नवा डाव तोच मांडतो. गडावरच्या पटाला मात्र कोणी हात लावत नाही. कोणी पाहुणा फारच आग्रह धरू लागला, तर सखोबा त्याचा हात धरून हलकेच बाजूला घेतात.

"मात सगळ्यांना दिसते, पाव्हणं," ते म्हणतात. "पर चाल हैबतीची हाय. आनि त्याला ती चालायची न्हाई."