चोचभर चिखल

झाडं झोपेत एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. रानातल्या तळ्याची एक रीत होती. पाणी प्यायला येणाऱ्याने आपल्या तहानेच्या मापाने बांधाला चिखल लावायचा. गवा शिंगांवर ढीग आणी, टिटवी चोचभर.

एकदा गवा म्हणाला, "पाण्याला कसलं आलंय मोल? या गरीब टिटवीकडून चिखल घ्यायचा म्हणजे लाजच की! आजपासून सगळ्यांना माफ."

ते ऐकून टिटवीला पिसाहून हलकं वाटलं.

पुढे बांध झिजत गेला आणि तळं धुक्यासारखं विरत चाललं. गवा मधल्या डोहात उतरून पोटभर पिई. टिटवीच्या पिल्लांना तिथवर जाता येईना. ती काठावरच्या कोरड्या भेगांत चोची घालून बसत.

एका धूसर पहाटे टिटवी चिखल घेऊन बांधावर आली.

"अगं वेडे, तुला माफ केलंय ना?" गवा म्हणाला.

"केलंत, दादा. पण माझ्या चोचभर चिखलाआडून तुमचा ढीगही माफ झाला."

गव्याने पाण्यात घातलेलं तोंड वर काढलं, आणि पिण्याआधी शिंगं चिखलात खुपसली.