खंडेनवमीचं कुंकू आणि रुसलेली मोटार

डोंगरापलीकडच्या एका राज्यातली ही गोष्ट फार जुनी. जुनी म्हणजे किती, तर अख्ख्या गावात मोटार एकच होती! ती रावजीची, आणि रावजीचा सगळा जीव तिच्यात.

खंडेनवमीला त्यानं तिची अशी पूजा केली की बघत राहावं. एकही भाग राहू नये म्हणून बॅटरीच्या तारा काढल्या, त्या जिथे बसतात त्या टोकांनाही हळदकुंकवाचा जाड लेप दिला आणि वरून तारा परत बसवल्या. भारीच हौस बुवाची!

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची चंपा बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. घाट उतरून दवाखान्यात न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील, असं तिनं स्पष्ट सांगितलं. चंपाला गाडीत निजवलं. रावजीनं चावी फिरवली. टक्! पुढे सामसूम. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. घर खोलगट जागी, चारी बाजूंनी चढ, त्यामुळे ढकलून सुरू करायचीही सोय नव्हती.

रावजीला घाम फुटला. इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टरनंच दगा दिला म्हणत तो पाने घेऊन गाडीखाली शिरायला निघाला. स्टार्टर उतरवायचा म्हणजे दुपार होणार, हे त्यालाही कळत होतं.

इतक्यात त्याची बायको ठकूबाई पुढे आली. रावजीनं गाडी खोलली की कंदील धरायला कायम तीच असायची, आणि कंदील धरणारीलाही डोळे असतातच की. तिनं त्याला आधी दिवे लावायला सांगितले. दिवे लख्ख लागले. मग तसेच ठेवून चावी फिरवायला लावली. टक् झालं आणि दिवे अगदी विझायला आले.

"दिवे तसेच राहिले असते तर मीही स्टार्टरलाच बोल लावला असता," ती म्हणाली. "पण अहो, दिव्यांपुरती वीज येतेय, स्टार्टरला लागते तेवढी पोचतच नाहीये."

बॉनेट उघडलं. तारांखाली तो लेप वाळून खपलीसारखा बसला होता. रावजीचा चेहरा उतरला. ठकूबाईनं पदर खोचून चाकू उचलला, तसा त्यानं तिचा हात धरला. पूजेचं कुंकू, आणि ते सवाष्णीनं आपल्या हातानं खरवडायचं?

"कुंकू वर मिरवायचं असतं," ती शांतपणे म्हणाली. "हे आत वाट अडवून बसलंय, आणि चंपा तळमळतेय. सोडा हात."

त्यानं हात सोडला. तिनं टोकं खरवडून चकचकीत केली, त्यानं तारा घट्ट आवळल्या. चावी फिरली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

चंपाला मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. रावजी गावभर बायकोचं कौतुक सांगत फिरला. स्टार्टर बिचारा निर्दोष होता, लेप माझाच होता, हेही त्यानं लपवलं नाही. पुढच्या खंडेनवमीला गाडीच्या पूजेचा मान त्यानं ठकूबाईला दिला. तिनं भरपूर कुंकू वाहिलं, पण बॉनेटच्या वर.

तात्पर्य: दुसऱ्याला दोष देण्याआधी आपल्या हातून काय झालं ते तपासावं, मग ते कितीही भक्तीनं केलेलं असो.